खंडेनवमीचं पिस्तूल

हे मी मुग्धाला सांगितलेलं नाही. बायकोला न सांगितलेली गोष्ट तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं कळत नाही — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आईला सांगितलेलं नाही, आणि तिला सांगणारही नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं, त्या माणसाशी मी अजून अधूनमधून फोनवर गप्पा मारतो — हवा, क्रिकेट, त्याचे गुडघे — आणि फोन ठेवून देतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी रडायला बसलेलो नाही. कोणी पाठीवरून हात फिरवावा म्हणून तर मुळीच नाही.

सुरुवात पिस्तुलापासून करावी लागेल, आणि तिथेच तुमच्यातले अर्धे नाक मुरडतील. मुरडा. मला सवय आहे. सिडनीच्या क्वेकर्स हिल भागातल्या मराठी मंडळींत मी ‘बंदूकवाला’ म्हणून प्रसिद्ध आहे. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन लोक मला अहिंसा शिकवतात. घरात लहान मुलगी आहे आणि तू पिस्तूल ठेवतोस? हो, ठेवतो. भिंतीला बोल्ट मारलेल्या पोलादी तिजोरीत, ट्रिगरला कुलूप लावून, पोलिसांच्या परवानगीने. माझ्या घरात एकही गोळी नाही, कधी नव्हती. ते पिस्तूल माझ्याकडे आल्यापासून उडालेलं नाही आणि उडणारही नाही, कारण माझं लायसन्स संग्राहकाचं आहे, नेमबाजाचं नाही. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, पितळी दिवे जमवतात. मी महायुद्धातली हत्यारं जमवतो. जमवतो म्हणजे, तोवर एक जुनी संगीन आणि दोन शिरस्त्राणं होती. पिस्तूल हे पहिलंच.

का आवडतं? तर मी लिफ्टवाला आहे. सांगलीत डिप्लोमा केला, इथे शिकायला आलो, हॅरिस पार्कच्या एका हॉटेलात दोन वर्षं भांडी घासली, आणि मग लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागलो तो अजून तिथेच आहे. लिफ्टच्या दाराचं कुलूप उघडून बघितलंत तर आत एक स्प्रिंग, एक खटका आणि एक उतार असतो. पिस्तुलातही तेच असतं. आणि युद्धाच्या घाईत बनवलेल्या पिस्तुलात तर कानसीच्या खुणाही तशाच राहिलेल्या दिसतात, कारण त्या कामगाराला पॉलिश करायला वेळ नव्हता. त्या खुणांवरून बोट फिरवायला मला आवडतं. म्हणजे, हातमोजा घातलेलं बोट.

हा हातमोजा लक्षात घ्या. मी आमच्या क्लबात — संग्राहकांचा एक छोटा क्लब आहे, बहुतेक निवृत्त गोरे म्हातारे, आणि मी एकटा हिंदुस्थानी — चक्क भाषण दिलं होतं. विषय होता, जुन्या पोलादाची निगा. बोटांचा घाम कसा वाईट, पाण्याचा एक थेंब कसा महिन्याभरात आपलं काम करतो, मेण कसं लावावं. सत्तरी ओलांडलेल्या माणसांसमोर पांढरे सुती हातमोजे घालून मी नाकाने कांदे सोलत होतो आणि ते कौतुकाने ऐकत होते. पुढच्या बाकावर बॅरी बसला होता. भाषण संपल्यावर त्याने येऊन माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, ‘तू वस्तूची काळजी घेणारा माणूस आहेस.’

बॅरी म्हणजे भूगोलाचा निवृत्त मास्तर. सिडनीच्या पार टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एकटाच राहायचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. क्लबात त्याला एक मान होता. सभासदांमध्ये कुठलीही वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जायची असली की आधी ती बॅरीकडे जायची. तो उघडून बघायचा, पुसायचा, तेल द्यायचा आणि म्हणायचा, ‘ठीक आहे.’ तेवढ्यावर लोक व्यवहार करायचे. कागद नाही, शिक्का नाही. बॅरीने बघितलंय, एवढंच.

ते पिस्तूल त्याचं स्वतःचं होतं. कॅनडात बनलेलं, नऊ मिलिमीटरचं, मातकट राखाडी रंगाचं. त्याच्यावर चौघांचा डोळा होता. बॅरीने मला दिलं. कोरोनाच्या साथीचा पहिला हिवाळा होता, इथे तो जून-जुलैत येतो. परमिट यायला जन्म गेला, मग डीलरमार्फत सगळं रीतसर झालं. देण्याआधी त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं मास्क लावून, टेबलाच्या दोन टोकांना उभे होतो. त्याने वरचा सरकता भाग — त्याला स्लाइड म्हणतात — मागे ओढला आणि सोडला. तो एका दमात मागे गेला, ठक करून जागेवर आला. मग त्याने मला करायला लावलं. माझ्याही हाताने तसंच झालं. पुढे मी काय बोललो ते ऐकाल तेव्हा हे आठवा, की ती स्लाइड मी स्वतःच्या हाताने ओढून बघितली होती.

आता आई. आई तीन महिन्यांसाठी आली होती, नातीबरोबर राहायला. विमानं बंद झाली आणि ती इथेच अडकली. व्हिसा वाढत गेला, तिची औषधं कुरिअरने येत राहिली, आणि तिकडे सांगलीत शेजाऱ्यांनी तिच्या तुळशीला पाणी घातलं. ती कुरकुर करणारी बाई नाही. पण सणवार आला की तिचा चेहरा उतरायचा, आणि मग ती दुप्पट उत्साहाने सगळं साग्रसंगीत करायची.

त्या वर्षी खंडेनवमीला तिने कॉफी टेबलवर लाल कापड अंथरलं. त्यावर माझे पाने, मीटर, लिफ्टच्या किल्ल्या, मुग्धाचा लॅपटॉप आणि सामानातून आणलेली विळी, असं सगळं मांडलं. मग माझ्याकडे बघितलं. ‘आणि ते?’

मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, ‘शस्त्र घरात आहे आणि खंडेनवमीला कुलपात? मग घेतलंस कशाला? आपल्या घरात आजवर कधी शस्त्र नव्हतं रे. विळीचीच पूजा करत आले मी जन्मभर.’

मी काढलं. का नाही काढणार? मला हौसच होती. तिने हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, हॅरिस पार्कहून आणलेला झेंडू वाहिला. मग ताम्हनात फूल बुडवून माझ्यासमोर धरलं — तुझं शस्त्र आहे, तू शिंपड. मी म्हटलं, ‘आई, पाणी नको.’ इतक्या हळू म्हटलं की तिला ऐकूही गेलं नसेल. आणि मग फूल घेतलं आणि शिंपडलं. एकदा नाही, तीनदा. हात माझा होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे कुठे मी आईच्या पदराआड लपताना दिसलो तर मला तिथून ओढून बाहेर काढा.

मी फडकं घेऊन पुसायला गेलो तर आई म्हणाली, आज पुसायचं नाही, हलवायचं नाही. पूजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावरच उचलायचं. तुम्हाला माहीतच आहे. पण इथला कायदा आईच्या खंडेनवमीला कसा ओळखणार? पिस्तूल रात्रभर टेबलावर ठेवता येत नाही. म्हणून मी मधला मार्ग काढला. जसंच्या तसं, कुंकवासकट, ओलंच, अलगद उचलून तिजोरीत ठेवलं. आणि खरं सांगतो, तिजोरीचं दार लावताना मला फार बरं वाटलं. ते परक्या देशातलं यंत्र पहिल्यांदा आमच्या घरचं वाटलं.

दसऱ्याच्या दिवशी मला कामावरून फोन आला, एका वृद्धाश्रमाची लिफ्ट बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी. मग एका रविवारी तिजोरी उघडली, वरचं कुंकू कोरड्या फडक्याने पुसलं, मेण लावलं, परत ठेवलं. उघडून बघितलं नाही. ज्याने भाषण दिलं होतं तो हाच माणूस.

पुढच्या हिवाळ्यातला लॉकडाऊन तुम्ही इथे असाल तर आठवत असेल. आमचा भाग जास्त बदनाम झालेल्या भागांपैकी होता. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, संध्याकाळनंतर घराबाहेर नाही, डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर. मला कामासाठी बाहेर पडायची मुभा होती, पण कामच कमी झालं होतं. अशाच एका दुपारी पिस्तूल काढलं. स्लाइड ओढली — अर्ध्यात अडकली. जोर लावला तर करकरत थोडी सरकली आणि तिथेच राहिली. मागचा घोडा, म्हणजे हॅमरही, अंग चोरून पडत होता.

मग सुरू झाली माझी डॉक्टरकी. आधी वाटलं मुठीतली, हॅमरची स्प्रिंग थकली असेल. डीलरकडून नवी मागवली, ती यायला जन्म लागला, बसवली — काही फरक नाही. तेल दिलं, तर आणखी चिकट. साप साप म्हणून भुई धोपटत होतो. शेवटी टॉर्च लावून फटीत बघितलं तर स्लाइड ज्या खाचांवरून सरकते त्या खाचांत लालसर तपकिरी लगदा. गंज. त्या क्षणी मला तो खरोखर गंजच वाटला, इथपर्यंत मी खोटारडा नव्हतो.

आमच्या धंद्यात एक प्रश्न असतो. लिफ्ट बंद पडली की आम्ही मोटर बघत नाही, पॅनल उघडत नाही, आधी विचारतो, शेवटचा हात कोणाचा? बहुतेक वेळा बिघाड यंत्राचा नसतोच, शेवटच्या हाताचा असतो. मी हाच प्रश्न विचारला. आणि उत्तर दिलं, बॅरी. स्वतःचा हात मला दिसलाच नाही. का दिसला नाही? मी तर वर्षभर ते जपून ठेवलं होतं ना. हातमोजे घालून.

फोटो काढला आणि क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एक ओळ लिहिली. त्या ओळीचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती इतकी सभ्य होती. विकण्यापूर्वी हे तपासलं गेलं होतं अशी माझी समजूत होती, अशा अर्थाची. ग्रीस भरपूर होतं, त्याखाली काय होतं ते मला दिसलं नसावं, असंही जोडलं. बॅरीचं उत्तर लगेच आलं. ‘माझ्याकडून गेलं तेव्हा स्वच्छ होतं, मेट. त्या खाचा मी स्वतः पुसल्यात.’ मग दुसऱ्या कोणीतरी लिहिलं की गेल्या वर्षी आपल्या, बॅरीनेच तपासलेल्या रायफलीच्या बाबतीतही असंच काहीतरी झालं होतं. मग तिसरा. तुम्हाला ग्रुप माहीत आहेत. अध्यक्षांनी लिहिलं की शनिवारी झूमवर बोलू, हा सगळ्यांच्या विश्वासाचा प्रश्न आहे.

शनिवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पेपर पसरून पिस्तूल पूर्ण उघडलं. मीटिंगला पुरावा हवा होता ना. समोर आई मटार सोलत बसली होती. स्लाइड काढली, मॅगझिन काढलं, रिकामी चौकट उलटी करून पेपरवर हलकेच आपटली. थोडी लाल पूड पडली. आणि तिच्याबरोबर तांदळाचा एक दाणा.

लाल. अख्खा. अक्षत.

तुम्हाला काय वाटतं, किती वेळ लागतो माणसाला कळायला? मला काही वेळ लागला नाही. मी पूड बोटावर घेतली, नाकाशी नेली. पोलादी गंजाला कुंकवाचा वास येत नाही. खाली खरा गंज होताच, खाचा खाल्ल्या गेल्या होत्या, पण तो त्या ओल्या कुंकवाखाली धरला होता, माझ्या तीन शिंतोड्यांनी. आईने मान वर केली. ‘सापडला का रे दोष?’

मी म्हटलं, ‘हो. जुना गंज आहे.’ आणि दाणा सिंकमध्ये टाकून नळ सोडला.

बघा, इथे मला एक सोयीस्कर पळवाट आहे. आईला वाईट वाटलं असतं, आपल्या पूजेमुळे मुलाची लाडकी वस्तू बिघडली म्हणून ती आठवडाभर जेवली नसती. खरं आहे ते. पण संध्याकाळच्या मीटिंगमध्ये आई नव्हती. त्या लोकांना मराठी येत नव्हतं. मी तिथे सगळं सांगून टाकलं असतं तरी आईला कधी कळलंही नसतं. म्हणजे आईसाठी गप्प बसलो ही गोष्ट मी स्वतःलाही विकू शकत नाही.

मी का गप्प बसलो ते सांगतो. एकदा क्लबात चहाच्या वेळी त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, तुम्ही लोक बंदुकीलाही करी पावडर लावता का? सगळे हसले होते. मीही हसलो होतो — मी तर सगळ्यांत मोठ्याने. आणि आता मी त्याच लोकांना सांगायचं, की हो, लावतो? की माझ्या आईने हळद, कुंकू आणि तांदूळ वाहिले, वरून मी पाणी शिंपडलं आणि तसंच ओलं ठेवून दिलं, कारण त्या दिवशी शस्त्र हलवत नाहीत? पांढरे हातमोजे घालून शिकवणाऱ्या माझ्या तोंडून हे बाहेर पडणार होतं? नाही पडलं.

त्या मीटिंगमध्ये बॅरीचा कॅमेरा नेहमीप्रमाणे वर झाला होता, त्याचं फक्त कपाळ आणि भुवया दिसत होत्या. तो भांडला नाही. त्याने मला एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न आमच्या धंद्यातलाच होता. ‘तुझ्याकडे आल्यावर त्यात काही गेलं का? पाणी, काहीही?’

मी म्हणालो, नाही. तिजोरीतच होतं.

एवढंच. ही माझी गोष्ट. तुम्हाला वाटलं असेल पिस्तूल म्हटल्यावर कोणाला तरी गोळी लागेल. नाही. एक वाक्य आणि तेही पूर्ण खोटं नाही — तिजोरीतच तर होतं. मला कोणी धमकावलं नव्हतं, माझी नोकरी जाणार नव्हती, व्हिसा जाणार नव्हता. सहा-सात म्हातारे हसले असते आणि पुढच्या महिन्यात विसरले असते. त्या हसण्याला मी घाबरलो आणि एका माणसाच्या डोक्यावर खापर फोडलं.

बॅरीने कपाळावरून हात फिरवला. मग त्या भुवया हलल्या. ‘मग माझंच चुकलं असणार,’ तो म्हणाला. ‘मला स्पष्ट आठवतंय पुसल्याचं. पण तसं असेल तर आठवणच चुकीची असणार. सॉरी, मेट.’

तो माझी माफी मागत होता. आणि मी काय केलं? मी मोठेपणा दाखवला. म्हटलं, मी साफ करून घेतो, काही मोठं नाही, आपण विसरून जाऊ. तो म्हणत होता, लॉकडाऊन उठला की इकडे घेऊन ये, मी नीट करून देतो. पण त्याने उघडलं असतं तर त्याला कुठल्यातरी फटीत आणखी एखादा दाणा मिळाला असता. म्हणून मी घाईने स्वतःच सगळं धुतलं, घासलं, दात कोरायच्या काड्यांनी कोपरे साफ केले. ग्रुपवर स्वच्छ खाचांचा फोटो टाकला. लोकांनी ‘लाइक’चे अंगठे टाकले. एकाने लिहिलं, असा सद्गृहस्थ विरळा. मी ते वाचलं आणि त्यालाही परत तसाच अंगठा टाकला.

बॅरीने तपासणीचं काम त्याच आठवड्यात सोडलं. मला वाटलं, बरं झालं, म्हातारा झालाच होता. असं माणसाला वाटू शकतं. मला वाटलं.

मग त्याच्या मुलीचा, मिशेलचा फोन आला. ती ब्रिस्बेनकडे स्प्रिंगफील्ड लेक्सला राहते. राज्यांच्या सीमा बंद होत्या, तिला बापाकडे यायला परवानगी मिळत नव्हती आणि बापाच्या ओळखीचं सिडनीत कोण, तर मी. ती सांगत होती की डॅड गॅस बंद केलाय का ते पुन्हा पुन्हा बघतो. गाडी चालवायची सोडली. किराणा मागवतो आणि मागवला की नाही म्हणून तिला फोन करतो. आपलं डोकं चाललंय असं म्हणतो. त्या पिस्तुलावरून सुरू झालं, ती म्हणाली, आणि तिनेच पुढे जोडलं, तो तुमच्याबद्दल काही वाईट बोलत नाही हं. तिला मला एकच विचारायचं होतं. बाकी काही नाही, पण ते पिस्तूल त्याने खरंच तसंच गंजलेलं दिलं होतं का? कारण तसं असेल तर त्याला डॉक्टरकडे न्यायलाच हवं.

दुसरी संधी. घरबसल्या, चालून आलेली. समोर फक्त एक काळजीत पडलेली मुलगी, जी हसली नसती. उलट तिने माझे आभार मानले असते.

मी म्हणालो, हो, थोडा गंज होता, पण वयाबरोबर असं होतं, तुम्ही काळजी करू नका.

त्याच्या तपासण्या झाल्या. सगळ्या उत्तम. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानाने डोकं तल्लख आहे. मिशेलने आनंदाने मला मेसेज केला. बॅरीने मात्र मला फोन करून सांगितलं, ‘टेस्टला काय कळतं? टेस्टमध्ये शब्द पाठ करायला लावतात. मी जे हाताने केल्याचं मला दिसतंय, ते मी केलंच नव्हतं. त्याची टेस्ट त्यांच्याकडे नाही.’ त्याने लायसन्स परत केलं. सगळा संग्रह डीलरमार्फत विकला. आयुष्यभराचा. सीमा उघडल्यावर घर विकून मुलीकडे राहायला गेला. ज्या माणसाच्या शब्दावर क्लब चालायचा त्याला स्वतःचा शब्द खरा वाटेनासा झाला, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं.

तपासणीचं काम क्लबने कोणाला दिलं? ओळखा. मी नाही म्हणायला हवं होतं. मी हो म्हणालो. गेली काही वर्षं मीच बघतो, आणि चांगलं बघतो, कोणाची तक्रार नाही. वस्तू हातात घेतली की मी विचारतो, शेवटचा हात कोणाचा. लोकांना वाटतं मी फार काटेकोर आहे.

आणि एक सांगतो, यावरून तुम्हाला राग येणार असेल तर येऊ द्या. दर खंडेनवमीला मी अजून त्या पिस्तुलाची पूजा करतो. आई आता सांगलीला असते, व्हिडिओवर मंत्र म्हणते. हळद-कुंकू वाहतो, तेवढं कोरडं, आणि संध्याकाळी उघडून पुसतो. पूजा करायला मी लाजत नाही. पूजा केली म्हणून काही बिघडलं नव्हतं, तासाभरात पुसलं असतं तर डागही राहिला नसता. ज्या दिवशी लाजायचं नव्हतं त्या दिवशी लाजलो, आणि आता न लाजण्याचा मक्ता घेतल्यासारखा तुमच्यासमोर छाती काढतोय. आपलं ठेवायचं झाकून. कळतं मला.

गेल्या महिन्यात बॅरीचा व्हिडिओ कॉल आला. त्याने आता कॅमेरा नीट धरायला शिकून घेतलंय, पूर्ण चेहरा दिसतो. नातीला शिवण शिकायचंय म्हणून त्याने बायकोचं जुनं शिलाई मशीन बाहेर काढलं होतं. सगळं उघडून, पुसून, तेल देऊन बसला होता. मागे मिशेल स्वयंपाकघरात काहीतरी करत होती. तो फोन मशीनच्या पोटात घालून हळूहळू फिरवत होता. मला म्हणाला, ‘मला तर स्वच्छ दिसतंय. पण मला दिसतं त्यावर मी जात नाही आता. तू बघ. गंज दिसतोय का कुठे?’

मी बघितलं. अजिबात गंज नव्हता. त्याने ते इतकं सुंदर साफ केलं होतं की माझ्याच्याने झालं नसतं. चाकांचा दात न दात चकचकीत, तेल नेमकं लागेल तेवढंच. मी म्हटलं, ‘स्वच्छ आहे, बॅरी.’

‘नक्की?’

‘नक्की.’

त्याने फोन मशीनमधून बाहेर काढला आणि मिशेलला हाक मारून सांगितलं की चालव, काही हरकत नाही, त्याने बघितलंय.